एका अक्षराची दुरुस्ती

अण्णा आठल्ये यांना दुपारची झोप मान्य नाही. मत आहे म्हटल्यावर त्याच्या पुष्टीसाठी त्यांच्यापाशी चार कारणेही आहेत, आणि ऐकणारा भेटला की ती ते क्रमाने सांगतात. तरीसुद्धा भाद्रपदातल्या या उकाड्याच्या दुपारी, मुलीच्या ड्रॉइंग बोर्डावर दोन्ही कोपरे टेकून बसल्या बसल्या त्यांची मान तसूतसूने खाली येत आहे. पंख्याची कुरकुर जवळ येते, लांब जाते. बोर्डावर चित्रकथेचे एक पान आहे. उद्या सकाळी साताऱ्याहून प्रकाशकाचा माणूस ते न्यायला येणार आहे, आणि त्या पानावरच्या एका शब्दाचा निर्णय अजून व्हायचा आहे.

शब्द दोनच अक्षरांचा आहे. 'जाते.'

चित्रकथेचे नाव 'धुकेगड'. अण्णांची मुलगी शाल्मली ती काढीत असे. गोष्ट तिची, चित्रे तिची, फुग्यांतली अक्षरेही तिच्याच हातची. अण्णांकडे फक्त भाषा. एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने राक्षसांच्या आणि उडत्या घोड्यांच्या तोंडची वाक्ये शुद्ध करीत बसावे, याचे वाईतल्या चार लोकांना हसू येई. राक्षस झाला म्हणून त्याने विभक्ती का चुकवावी, असा अण्णांचा उलट प्रश्न असे.

मुले 'धुकेगड' रडत रडत वाचीत. गडाच्या राजाला, सुमेराला, शाप असा की रोज पहाटे त्याने एक चेहरा विसरावा. ज्या पहाटे तो आपल्या सात वर्षांच्या रोहकाला विसरतो, त्या दिवशी रोहक उन्हे उतरेपर्यंत त्याच्यामागे हिंडतो, आणि शेवटी झोपलेल्या बापाच्या तळहातावर काजळाने लिहितो, 'मी तुमचा.' त्या अंकानंतर शाल्मलीला पिशवीभर पत्रे आली होती. शेवटच्या अंकात शाप मोडण्यासाठी राणी वेणेला स्वतः धुके व्हावे लागते. शेवटच्या चौकटीत ती गडाच्या उंबरठ्यावर उभी आहे. पावले विरून गेली आहेत, मान मुलाकडे वळली आहे, आणि तिच्या ओठांपासून निघालेल्या पांढऱ्या फुग्यात तो शब्द आहे.

तो अंक छापलाच गेला नाही. तीन वर्षांपूर्वी शाल्मली ती पाने घेऊन साताऱ्याच्या छापखान्याकडे निघाली आणि महामार्ग गाठण्याआधीच तिची स्कूटर घसरली. पिशवीतल्या पानांना ओरखडाही नव्हता. लोक 'शाल्मली गेली' असे म्हणतात. अण्णा 'वारली' म्हणतात. 'जाणे' हे क्रियापद त्यांना सोसत नाही.

त्यांची मान आता बोर्डाला टेकते. घामेजलेला गाल कागदाला लागतो. कागद गार आहे.

"अण्णा, गाल उचला. शाई ओली आहे."

समोरच्या स्टुलावर शाल्मली बसली आहे. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, मनगटावर निळ्या रंगाचा फराटा, एक पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर.

"शाई तीन वर्षांपूर्वीची आहे," अण्णा म्हणतात. "ओली कशी असेल?"

"झालं सुरू. मेलेल्या माणसाशीसुद्धा वाद!"

"मेलेले माणूस वाळलेल्या शाईला ओली म्हणत असेल, तर वाद घालावाच लागेल."

ती हसते. हसताना तिच्या भुवईवरचा व्रण दुमडतो. तो व्रण डाव्या भुवईवर होता, असे अण्णांना पक्के स्मरते. आणि आत्ता तो उजवीकडे आहे. ते टक लावून पाहतात. व्रण डावीकडे येतो. ते पुन्हा पाहतात. आता तो कुठेच नाही.

"शाल्मली, तुझा व्रण कुठे गेला?"

"पहाट झाली असेल," ती सहज म्हणते. "हात इकडे करा."

ती त्यांचा तळहात उलटा करते आणि बोटानेच त्यावर काही लिहिते. काजळ नाही, शाई नाही. बोट गार आहे एवढेच कळते. अण्णा हात डोळ्यांजवळ नेतात, तर हातात खडू आहे.

समोर बाके आहेत. सातवी 'ब'. भिंतीवर तोच तडा, खिडकीबाहेर तेच कडुलिंबाचे झाड. फळ्यावर चौकटी आखलेल्या आहेत, आणि शेवटच्या चौकटीतल्या फुग्यात शाल्मलीच्या सुबक अक्षरात लिहिले आहे, 'येते.' ती स्वतः पहिल्या बाकावर बसली आहे. एकोणतीस वर्षांची, गुडघे बाकात मावत नाहीत.

थांबायला हवे, हे अण्णांना कळते. हा तास त्यांनी एकदा घेतलेला आहे. तरी त्यांचे तोंड आपोआप उघडते.

"येते. ये या धातूचे वर्तमानकाळी रूप, कर्ता स्त्रीलिंगी. आता मला सांग, राणी वेणा परत येणार आहे का?"

"नाही."

"मग हा शब्द खोटा आहे."

"अण्णा, मराठी कुणी शिकवलं हो तुम्हाला? घरातून निघताना कुठली बाई 'जाते' म्हणते? 'येते'च म्हणतात. शेजारच्या काकू पापड द्यायला आल्या तरी येते म्हणून जातात."

"घरातला संकेत घरात ठीक आहे. छापील शब्दाने वाचकाशी खोटे बोलू नये. पोरे पुढच्या अंकाची वाट पाहत बसतील."

"ती वाचकाशी बोलतेय का? पोराशी बोलतेय."

याचे उत्तर त्या वेळी अण्णांपाशी नव्हते. आताही नाही. पण त्या वेळी उत्तर नसल्यामुळे त्यांचा आवाज चढला होता, आणि आताही तो चढतो. "शब्दाला अर्थ असतो, शाल्मली!"

"बरं बाई. मास्तरांचा हट्ट." ती उठते. तिच्या हातात पांढऱ्या रंगाची बाटली आहे आणि अगदी बारीक कुंचला. "सगळा शब्द नाही हं खोडणार. 'ते' दोन्हींत तेच आहे. एकच अक्षर."

"नको," अण्णा म्हणू पाहतात.

कुंचला 'ये'वरून फिरतो. एकदा, मग पुन्हा एकदा, थर जाड बसेपर्यंत. ती फुंकर घालते. मग त्या पांढऱ्यावर 'जा' लिहिते आणि शिरोरेषा जोडते. जोड इतका बेमालूम की शोधू म्हटले तरी सापडू नये.

"आता अचूक?" ती विचारते.

त्या वेळी अण्णा 'अचूक' म्हणाले होते. आता ते दोन्ही हातांनी तोंड दाबून धरतात, आणि तरीही शब्द बोटांच्या फटींतून बाहेर पडतो.

फळा ओला आहे. त्यावरून पाणी ओघळते, पायऱ्यांवरून ओघळते. पायऱ्या घाटाच्या आहेत, कृष्णेवर धुके आहे, आणि वरच्या अंगाला गडाचा दरवाजा आहे. दरवाज्याला मात्र आठल्यांच्या घराची कडी आहे आणि कडीला दूधवाल्याची पिशवी अडकवलेली आहे. उंबरठ्यावर शाल्मली हेल्मेटचा पट्टा बांधते आहे. खांद्याला पानांची पिशवी. अण्णांना पुढचे सगळे पाठ आहे. ते धावतात.

चार पावलांवर जमीन संपते. पुढे पांढरी पट्टी आहे, हातभर रुंद, वर खाली कुठवर गेली आहे ते दिसत नाही. पट्टीच्या पलीकडे शाल्मली.

"तिथे पाय ठेवू नका," ती म्हणते. "दोन चौकटींच्या मधली जागा आहे ती. तिथे काही काढलेलं नसतं."

"मग मी तिकडे कसा येऊ?"

"तिथून फक्त वाचणारा जातो. तुम्ही तर लिहिणाऱ्यांतले."

"हा नियम कोणी केला?"

"चित्रकथेत असंच असतं, अण्णा. प्रत्येक गोष्टीला कारण नसतं." मग ती विचारते, "आईला काय सांगितलंत?"

अण्णा पायापुढच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहतात.

"त्या दिवशी ती मंडईत होती. आल्यावर तिनं विचारलं असेल ना, निघताना काय म्हणाली म्हणून?"

"रोज विचारायची. वर्षभर विचारत होती."

"मग?"

"'येते' म्हणालीस, असे सांगितले."

शाल्मली हेल्मेटची काच वर करते. तिच्या चेहऱ्यावर राग नाही. शुद्धलेखनाच्या वहीत मास्तरांचीच चूक सापडलेल्या मुलीचे असावे तसे नवल आहे. "म्हणजे खोटं सांगितलंत. तुम्ही!"

"हो."

"आणि शब्दाला अर्थ असतो त्याचं काय झालं?"

"शाल्मली, ऐक. तू तेव्हा माझी थट्टा केलीस. दारात उभी राहून, मान वेळावून म्हणालीस, 'जाते हं अण्णा. बघा, अचूक बोलले!' मी हसलो. मी हसलो गं. 'असे बोलू नये' एवढेसुद्धा म्हणालो नाही. तुझी आई असती तर तिने तुला मागे बोलावले असते, पाटावर बसवून हातावर साखर ठेवली असती, पुन्हा नीट म्हणायला लावले असते. तेवढ्या दोन मिनिटांनी..."

"दोन मिनिटांनी काय?"

"ते मला ठाऊक नाही," अण्णा म्हणतात. आयुष्यात हे वाक्य त्यांनी फार थोड्या वेळा उच्चारले आहे. "एकदा म्हण. आत्ता म्हण. मग जा."

"काय म्हणू?"

"तोच शब्द. तू आधी लिहिलेला."

"मी म्हटला तर तो खरा होईल?"

अण्णा मान हलवतात. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाच उमगत नाही.

"मग खोटा चालेल तुम्हाला?"

"चालेल," अण्णा म्हणतात. "शालू, चालेल."

तिच्या नावाचा संक्षेप त्यांनी कधी केला नव्हता. नाव ठेवले ते पूर्ण उच्चारण्यासाठी, असा त्यांचा नियम. तिची पावले दिसेनाशी झाली आहेत. धुके तिच्या गुडघ्यांपर्यंत चढले आहे. ती मान वळवते आणि ओठ उघडते. ओठांतून एक पांढरा फुगा निघतो, तरंगत पट्टी ओलांडतो, अण्णांच्या चेहऱ्यापाशी येतो. तो कोरा आहे. अण्णा चष्मा शोधतात. खिशात नाही, कपाळावर नाही. त्यात काहीतरी लिहिलेले असणारच, बारीक पेन्सिलीने, तिची सवयच होती तशी. ते डोळे बारीक करतात. फुगा त्यांच्या गालाला लागतो. गार आहे.

"चष्मा! अगं, माझा चष्मा..."

"नाकावरच आहे की. वाकडा झालाय. अहो, उठा. चहा निवतोय."

शाल्मलीची आई, वत्सलाबाई, कप घेऊन उभ्या आहेत. ऊन बोर्डाच्या पायापर्यंत आले आहे. पंखा फिरतो आहे. अण्णा आधी आपला तळहात पाहतात. तिथे रेषांखेरीज काही नाही.

"दुपारी झोपत नाही म्हणे," वत्सलाबाई कप ठेवतात. "आणि गालाला काय लागलंय हे? थांबा, हलू नका."

त्या नखाने त्यांच्या गालावरून काहीतरी अलगद सोडवतात. पांढऱ्या रंगाचा पोपडा आहे, नखाएवढा. त्या तो बोटाच्या टोकावर उलटा करून उजेडाकडे धरतात. दुसऱ्या बाजूला काळ्या शाईत एक अक्षर आहे. 'जा.'

अण्णा पानाकडे पाहतात. घामाने आणि गालाच्या ओझ्याने पांढरा थर सुटून आला आहे. शेवटच्या चौकटीतल्या फुग्यात, जरा फिकट झालेल्या शाईत, त्याखालचे अक्षर जसेच्या तसे आहे. शिरोरेषा तेवढी एका जागी तुटली आहे.

वत्सलाबाई पदराने डोळ्यांवरचा घाम टिपतात आणि पानावर वाकतात. अक्षर लावून लावून वाचतात. "ये... ते." मग सरळ उभ्या राहतात. "अगंबाई! राणीच्या तोंडी स्वतःचाच शब्द घातलान् हो पोरीनं. निघताना तुम्हाला हेच म्हणाली होती ना?"

बोर्डाच्या कोपऱ्यात डिंकाची बाटली आहे. पोपडा पुन्हा चिकटवता येईल. अण्णांचा हात स्थिर आहे, जोड दिसणारही नाही. खरे ते सांगताही येईल. त्यासाठी तोंड उघडायला हवे, आणि तेही उघडते. वत्सलाबाई त्यांच्याकडे पाहत आहेत. तीन वर्षांत प्रथमच त्यांच्या हातात त्या शब्दाचा लेखी पुरावा आहे.

"हो," अण्णा म्हणतात. "हेच म्हणाली."

"उद्या त्या माणसाला बजावून सांगा, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही म्हणून."

"सांगतो."

"आणि हे काय करू? टाकून देऊ?"

अण्णा हात पुढे करतात. वत्सलाबाई तो पोपडा त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि दिवेलागणीच्या तयारीला आत जातात. पोपड्याला वजन म्हणून नाही. पंख्याच्या वाऱ्याने तो थरथरतो, उडू पाहतो. अण्णा दुसऱ्या हाताचा आडोसा धरतात. मूठ मिटावी तर चुरा होईल, उघडी ठेवावी तर उडून जाईल. ते तसेच बसून राहतात, आणि कपातल्या चहावर साय धरत जाते.