पिवळ्या बल्बची खोली
मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जस्ताच्या प्लेटला सरस लावणं. पस्तीसेक वर्षं झाली. मानपाड्याला घरामागच्या खोलीत मी छपाईचे ब्लॉक करायचो. सरसात केशरी औषध मिसळून प्लेटवर ओतायचं, शेगडीवर सुकवायचं, मग वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. जिथे उजेड पडतो तिथे सरस जस्ताला असा चिकटतो की पाण्याने सुटत नाही, बाकीचा धुऊन जातो. म्हणून सुकेपर्यंत दार बंद, आत एकच पिवळा बल्ब आणि निखाऱ्यांचा वास. त्या दुपारी ती शेगडीवर प्लेट फिरवत होती. म्हणाली, "अहो, जीव घाबरतोय. दार उघडा जरा." मी म्हटलं, "पाच मिनिटं दम धर. उजेड लागला तर प्लेट फुकट जाईल." "बायको गेली तरी चालेल, पत्रा राहिला पाहिजे," ती हसत म्हणाली. मीही हसलो, तिच्या हातातून प्लेट घेतली आणि फिरवत राहिलो. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता, मग येईना. मी हाक मारली, ती बोलली नाही. खरं सांगतो, मी आधी प्लेट काळ्या फडक्यात गुंडाळली, मग दार उघडलं. दवाखान्यात डॉक्टरने नुसती मान हलवली. फडक्याचं मी मुलांना अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमलेली असताना मी ते फडकं सोडलं आणि वर निगेटिव्ह न ठेवताच प्लेट उघड्या उन्हात ठेवली.