चिखलाची उलटी नळी

तिला सगळे तोफ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. तोफेला नेमही धरावा लागतो असं कुणी म्हटलं, की ती त्याच्यावरच धडाडायची.

तिची नोकरी समुद्रतळाच्या चिखलाच्या कोठारात. जहाजावरून खोल पाण्याखालचा गाळ लांब नळ्यांत भरून यायचा आणि थंड खोलीतल्या मांडण्यांवर आडवा पडायचा. त्या नळ्या उभ्या चिरायच्या, चिखलात प्लास्टिकच्या चिमुकल्या डब्या खुपसून नमुने काढायचे, हे तोफेचं आणि मामांचं काम. मामा कुणाचेच मामा नव्हते. खोलीतले सगळ्यात जुने कारागीर म्हणून मामा.

नमुने जायचे मॅडमकडे. लाखो वर्षांत पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून पालथं होतं, उत्तरेची दक्षिण होते. गाळ बसताना त्यातले लोखंडी कण त्या वेळची दिशा धरून बसतात. मॅडम यंत्रावर ती दिशा वाचायच्या. पलीकडच्या खोलीतली शिंपलेवाली भिंगाखाली बारीक शिंपले बघून कुठली जात कुठं संपली ते सांगायची. दोघींचं जुळलं की एक युग संपून दुसरं कधी लागलं, त्याचा काळ ठरायचा. तोफेला हे कुणी शिकवलं नव्हतं. कचऱ्यात टाकलेले अहवाल वाचून ती शिकली होती, आणि हे ती जेवतानासुद्धा सांगायची. नवरा म्हणायचा, "आधी भात संपव, मग युग संपव."

याच अहवालांत एक गोष्ट तिला खुपली होती. मॅडमचं नाव, शिंपलेवालीचं नाव, जहाजाचंसुद्धा नाव. चिरणाऱ्यांचं कुठेच नाही. मामा आता निवृत्त होणार होते. युगाच्या सीमेचा हा त्यांचा शेवटचा अहवाल. "मामांचं नाव छापून आलंच पाहिजे," असं तिने मॅडमना ठणकावलं. मॅडम म्हणाल्या, "बघू." बघू म्हणजे नाही, हे तोफ पाळण्यात असल्यापासून ओळखून होती. त्या दिवसापासून नळी चिरताना तिचं भाषण सुरू झालं. ऐकणारे एकटे मामा, पण आवाज मैदानातला.

मग एके सकाळी मॅडम खोलीच्या दारात आल्या. "एका नळीत चुंबकत्व पालथं दिसतंय. त्या काळात ते पालथं व्हायला नको. हात कुणाचा चुकला?"

"असेल माझाच," मामा पटकन म्हणाले. "डोळे गेलेत आता."

मॅडमनी मान हलवली. "म्हणूनच मी नावाचं बघू म्हटलं होतं."

झालं! तोफ पेटली. "मामांचा हात? अहो, तुमचं यंत्रच पालथं असेल! चला शिंपलेवालीकडे, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

शिंपलेवालीने भिंगातून डोळा न काढता सांगितलं, "जुनी जात वर, नवी जात खाली. समुद्र असं करत नाही, तोफाबाई. आजोबा नातवानंतर जन्मत नाहीत. नळीच उलटी आहे."

तोफेला ती नळी चिरली तो दिवस आठवला. नळीच्या वरच्या टोकाला निळं झाकण असतं, खालच्या टोकाला पांढरं. त्या दिवशी दोन्ही झाकणं तिच्याच हातांत होती. "श्रमिकाचं नाव!" म्हणताना निळं हवेत गेलं, "श्रमिकाचा मान!" म्हणताना पांढरं. मग भाषणाच्या भरात कुठलं कुठे बसवलं, ते देव जाणे. वरची बाजू दाखवणारा बाण मात्र झाकणं बघून नळीवर तिनेच ठसठशीत काढला होता.

तिने मामांना कोपऱ्यात गाठलं. "तुम्ही बघितलं होतं?"

"झाकणं बदलली असं वाटलं होतं खरं."

"मग बोलला का नाहीत?"

"भाषण चाललं होतं, बाई. मध्ये बोललं की तू खवळतेस."

"मी? मी कधी खवळते?" ती इतक्या जोरात ओरडली की शिंपलेवालीचा चिमटा खाली पडला.

आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. मामांनी दोष अंगावर घेतलाच होता. पण मग नाव? तिने ओठ चावला आणि मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "नळी मी उलटी केली. मामांनी नाही. त्यांचं नाव आता अडवायला तुम्हाला कारण उरलं नाही."

मॅडमनी अहवालाचे कागद पुढे ओढले. "मोजणी पुन्हा करावी लागेल. आणि आकडे का बदलले तेही लिहावं लागेल."

"लिहा. नावानिशी लिहा. मी घाबरते का?"

"'अनवधानाने' असं लिहिते."

"कसलं अनवधान! भाषणापायी, असं लिहा."

"तसं लिहीत नाहीत."

"म्हणूनच तुमचे अहवाल कुणी वाचत नाही."

अहवाल छापून आला. गाळ चिरणारे म्हणून पहिल्या पानावर मामांचं नाव होतं. ते मामांनी फोनवरून बायकोला वाचून दाखवलं, मग व्याह्यांना, मग शेजाऱ्यांना. तोफेचं नाव बरंच आत होतं, उलट्या नळीच्या वाक्यात.

नवऱ्याने ते शोधून काढलं. "एवढंसं नाव? तेही चुकीपाशी? मग उद्या मोर्चा ना?"

तोफेने वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कुठेच खोट सापडेना. सगळं खरं होतं. अन्यायाचा असा दुष्काळ तिने जन्मात पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत ती चिडचिड करत घरभर फिरत राहिली.