डीपी म्हणणारी

"काय आहे हे?" सरांनी विचारलं.

लॅबमधल्या टेबलावर ठेवलेल्या लोखंडी पेटीकडं त्यांचं बोट होतं. मी उठून उभी राहिले.

"डीपी हाय, सर."

आधी पुढचा बाक हसला. मग सगळा वर्ग. मला कळंचना काय चुकलं ते. आमच्याकडं, कानडी शिवेवर दुधनीच्या अंगाला, ट्रान्सफॉर्मरला डीपीच म्हणत्यात. डीपी जळली, डीपीवरचा फ्यूज गेला, नवी डीपी आली. लहानपणापासनं दुसरं नावच ऐकलं न्हवतं. पुस्तकात ट्रान्सफॉर्मर वाचला होता, त्याचं चित्रबी काढलं होतं. पण वस्तू समोर दिसली आणि तोंडातनं घरचा शब्द निघाला.

सर हसले न्हाईत. टेबलाला टेकून म्हणाले, "डीपी हाय? मेंढरं राखताना बघितली असशील. बस खाली. कोटा भरायला काय काय पाठवतात आमच्याकडे!"

बसले. माझे कान नुसते तापले होते. शेजारची पोरगी जराशी सरकली. कशाला सरकली, ते तिलाबी सांगता आलं नसतं.

आमची माणसं मेंढरं राखणारी, हे सरांना कुणी सांगायची गरज न्हवती. हजेरीतलं आडनावच पुरं होतं.

पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष चालू होतं. कोर्स निम्मा वायरींचा, निम्मा मशीनचा. पॅनेलबी जोडायचं आणि मोटार खोलून बेअरिंगबी बदलायचं. मला लई आवडायचं ते. हाताला ग्रीस लागलं की बरं वाटायचं. पण त्या दिवसापासनं माझं नावच गेलं. "ए डीपी, जेवलीस काय?" "डीपी, पाना दे की." संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा फोटो बदलला. मेंढराचं तोंड. खाली कुणीतरी लिहिलं, 'आपला नवा डीपी'. सर त्या ग्रुपमध्ये होते. त्यांनी अंगठा टाकला.

मी गप झाले. उत्तर येत असलं तरी हात वर करायची न्हाय. हॉस्टेलच्या आरशापुढं उभी राहून 'आहे, नाही, कुठे, तिथे' म्हणून बघायची. जीभ वळायची, पण आवाज माझा वाटायचा न्हाय. सुट्टीला घरी गेले आणि अव्वाशी, माझ्या आईशीबी, तसंच बोलले. ती भाकरी थापता थापता थांबली.

"पावण्यावानी बोलायलीस की गं," म्हणाली. "माझं काय चुकलं व्हय?"

मी पुढं होऊन तव्यावरची भाकरी उलटली. 

आणि हे बघा, डीपी म्हणजे मला हसायची गोष्ट न्हवतीच. माझे अप्पा, वडील, डीपीवर शॉक लागून गेले. मी शाळेत होते तवा. गावात लाईट न्हवती, पाण्याची मोटार बंद, लायनमन येतो येतो म्हणत येईना. अप्पा फ्यूज टाकायला वर चढले. खालनं कुणीतरी ओरडलं, लाईन बंद केलीय म्हणून. केली न्हवती. मी दप्तर घेऊन आले तर दारात माणसंच माणसं. अव्वा कुटं हाय तेच दिसंना. म्हणून मी हा कोर्स घेतला. वर्गात कुणाला बोलले न्हाय. बोलले असते तर सगळे बिचारी म्हणाले असते. ते तर मला अजिबात नको होतं.

शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आली. बाहेरगावचे एक सर परीक्षा घ्यायला आलेले. आमचे सर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. माझा नंबर आला तसं म्हणाले, "सर, हिला ट्रान्सफॉर्मर विचारा. मजा येईल."

बाहेरच्या सरांना काही कळलं न्हाय. त्यांनी साधंच विचारलं, "काय आहे हे?"

"ट्रान्सफॉर्मर."

"अगं, तुझं ते नाव सांग की," आमचे सर म्हणाले. दारात उभी असलेली पोरं आधीच तोंड दाबून हसायली होती.

मी आमच्या सरांकडं वळले. 

"न्हाय सांगत, सर. त्या नावावर माझा बाप मेलाय. हसायला न्हाय देत मी ते नाव तुमाला."

 बाहेरच्या सरांनी मार्कांचा कागद पुढं ओढला. मग हळूच म्हणाले, "लॉसेस किती प्रकारचे?" वीज कुटं कुटं वाया जाती, ते मी सांगितलं. हाय, न्हाय, असत्यात, व्हत्यात करत, माझ्या बोलीत सगळं सांगितलं. लई दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला.

नंतर आमच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "बाहेरच्या माणसासमोर माझा अपमान केलास. माफी माग. टर्मवर्कचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

"न्हाय, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

अव्वाला फोन लावला. वाटलं, ती तरी बरं केलंस म्हणल. ती घाबरली.

"माग की माफी, यव्वा, माझ्या पोरी. तोंडानं तर म्हणायचं असतंय. मी न्हाय का मागितली?"

"तू? कुणाची?"

मग तिनं सांगितलं. अप्पांना माती देऊन आल्यावर लाईट कंपनीचे साहेब लोक चौकशीला आले होते. म्हणाले, "त्याला वर चढायला कुणी सांगितलं होतं?" आणि पुसलेल्या कपाळानं अव्वा त्यांच्यापुढं हात जोडून उभी राहिली. "चुकलं साहेब," म्हणाली. "आमचा माणूस अडाणी होता."

हे मला कधीच कुणी सांगितलं न्हवतं. सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसून मी ढसाढसा रडले. अव्वाचा राग आला न्हाय. तिला दुसरं काय बोलू दिलं होतं कुणी? नवरा तिचा गेला, आणि चुकलं तिनंच म्हणायचं.

निकाल अजून लागायचा हाय. सरांनी टर्मवर्कला पाडलं तर वर्ष जाईल. जाऊ दे. परत बसंन. परत पाडलं तर परत बसंन. आमच्या घरानं मागायची तेवढी माफी मागून झालीय. मी मागणार न्हाय.