गल्लीत मावणारी गाडी

एल आल्तो या डोंगरमाथ्यावरच्या शहरात, आमच्या चढणीच्या गल्लीत घरं इतकी खेटून आहेत, की एका घरात नवरा-बायको भांडायला लागले की शेजारच्या घरांतली सूपं गार होतात. फेर्मिन कायिसाया आणि त्याची बायको तेओदोरा यांचं ते जुनं भांडण तर अख्ख्या गल्लीनं चमचे खाली ठेवून ऐकलं.

"माझ्या भावाला छोटी गाडी हवी होती," तेओदोरा म्हणत होती, "आणि जत्रेत तू त्याच्या हातावर जीप ठेवलीस!"

"खेळण्यातली ठेवली. खरी त्याची त्यानं घेतली."

"एकेको देवासमोर धूर देऊन आणल्यावर दुसरी कुठली घेणार होता तो? आता ती म्हैस गल्लीत शिरत नाही. कोपऱ्यावर उभी असते, आणि हा पावाच्या टोपल्या पाठीवर घालून चढतोय, पहिल्यासारखाच. वर म्हशीला धुवायचं काम वाढलं ते वेगळंच."

"हळू बोल गं. लोक ऐकतायत."

"ऐकू देत की! उद्या त्यांच्याही हातावर ठेवशीलच."

भाऊ पुढं जीप विकून ब्राझीलला शिवणकामाला निघून गेला. तेओदोरानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फेर्मिनला वाटायचं, काढला असता तर बरं झालं असतं.

तो गाड्यांच्या दुकानात विक्रेता होता. मालक सारातेसाहेब. त्यांना सगळे 'इंजिनिअर' म्हणत, पण त्यांनी इंजिन कधी उघडून पाहिलं होतं का, देव जाणे. जीप पुढं काचेआड झळकायची. सगळ्यांत स्वस्त ती छोटी गाडी मागच्या अंगणात, कबुतरांच्या खाली उभी. तिला पुसायचं नाही, असा इंजिनिअरचा हुकूमच होता. कुणी विचारलं तर म्हणायचं, संपली. कुणी बघितलीच तर म्हणायचं, "इथल्या उंचीवर धापा टाकते हो ती, तुमच्या-आमच्यासारखी." गिऱ्हाईक हसायचं आणि जीपमध्ये चढून बसायचं. हे एकच वाक्य बोलून बोलून फेर्मिनच्या जिभेला घट्टे पडले होते.

आणि जानेवारीत आलासिताची जत्रा. जे वर्षात मिळावं असं वाटतं ते इवलंसं घ्यायचं, घर, गाडी, पिठाचं पोतं, आणि भर दुपारी बाराला त्याला धूर दाखवून घ्यायचा. जुनी माणसं सांगतात, स्वतः विकत घेतलेलं फळत नाही. दुसऱ्यानं हातावर ठेवलेलं हवं. आणि ठेवलेलं नाकारलं, तर तो अंगभर ओझी लादलेला मिशाळ एकेको रुसतो. इंजिनिअरनं हे बरोब्बर हेरलं होतं. दरवर्षी पत्र्याच्या जीपांचं एक पोतं पाठवायचे, आणि ते वाटायला फेर्मिनला.

ही त्याची शेवटची जत्रा. पुढच्या महिन्यात नोकरी संपत होती, आणि पायांनी तर कधीच राजीनामा दिला होता.

जत्रेआधी बासिलिया दारात आली. गल्लीच्या पार वरच्या टोकाला राहणारी विधवा, वाळवलेले बटाटे विकायची. तिच्या लेकाला फेर्मिननं बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, म्हणून ती त्याची कोमाद्रे आणि हा तिचा कोम्पाद्रे. गुडघे गेलेले, पोती चढवणं होत नव्हतं. पुतण्याच्या टॅक्सीवर गाडी चालवायला मात्र शिकली होती.

"कोम्पाद्रे, मला छोटी हवीय. माझ्या दारापर्यंत येणारी. जत्रेत माझ्या जवळपास फिरकलास तर याद राख."

"अगं, पण मी..."

"तोंड नको उघडूस. तू तोंड उघडलंस की माणूस जीपमध्ये जाऊन बसतो."

फेर्मिननं गुपचूप एका पत्रेवाल्याला सांगून ठेवलं: एक छोटी कर. तीच, कबुतरांखालची. पत्रेवाल्यानं ती जत्रेच्या दिवशी सकाळी हातात दिली, रंग अजून ओला.

आता ती बासिलियाच्या हातावर ठेवायची कशी? पोतं खांद्यावर घेतलेला फेर्मिन दिसला की गल्लीतली माणसं चादरी विकणाऱ्यांच्या मागं लपत होती. बासिलिया तर हात शालीत घट्ट गुंडाळून, गर्दी कापत पुढं पळत होती, गुडघे दुखत असून.

"कोमाद्रे, थांब! ही छोटी आहे!"

"हो, आणि मी महाराणी आहे!"

बारा व्हायला आले. फेर्मिनला धाप लागली. कडेला तेओदोरा पाव घेऊन बसली होती. तिच्या टोपलीशी तो टेकला. तिनं त्याच्या तळहातावरची गाडी बघितली. बराच वेळ बघितली.

"रंग लागलाय तुझ्या बोटांना," ती म्हणाली, गाडी उचलली आणि उठून चालू लागली. तिच्यापासून कोण पळणार? तिनं बासिलियाचा हात शालीतून ओढून काढला आणि त्यावर गाडी ठेवली. घंटा झाल्या. धूर उठला. फेर्मिननं उरलेल्या जीपा वाटून टाकल्या, नेहमीसारख्या.

सोमवारी बासिलिया दुकानात आली आणि छोटी गाडी मागितली. इंजिनिअर स्वतः पुढं सरसावले. "बासिलियाबाई, ती गाडी इथल्या उंचीवर..."

तिनं पत्र्याची गाडी टेबलावर ठेवली. धुराची काजळी तशीच. "ही."

इंजिनिअरनं पावतीपुस्तक पुढं ओढलं. जत्रेतून काळी होऊन आलेल्या गाडीला नाही म्हणायचं, तर उद्या जीपा कुठल्या तोंडानं वाटायच्या? तेवढा हिशेब त्यांना येत होता. मग फेर्मिननं मागं जाऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कबुतरांनी केलेलं सगळं धुऊन काढलं.

गाडी घरी पोचवायची, चाकांवर बिअर शिंपडायची आणि किल्ली द्यायची, हे त्याचं नोकरीतलं शेवटचं काम. गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन सवयीनं त्यानं गाडी थांबवली, हॉर्न दिला आणि गिऱ्हाईक खाली यायची वाट बघत बसला.

कोपऱ्यावर तेओदोरा पाव विकत होती. "आत घे की," ती म्हणाली. "मावतेय."

त्यानं घेतली. दोन्ही बाजूंच्या भिंतींनी अंग चोरल्यासारखं केलं, पण गाडी कुठं घासली नाही. चढावर इंजिन थोडं कण्हलं. धापा मात्र टाकल्या नाहीत. वरच्या दारात बासिलिया उभी होती. फेर्मिननं बिअर आधी भूमातेला दिली, मग चाकांना, किल्ली तिच्या हातावर ठेवली, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा तेच म्हणाला:

"काही अडलं तर मी आहेच."

मग रिकामी बाटली घेऊन, गुडघे सांभाळत, तो खाली आपल्या घरी चालत गेला.