करंजी घाटापलीकडचं ‘हाय’

केडगावला बसमधून उतरलो तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. टोरांटोत माझी एक छोटी कंपनी आहे. आमचं यंत्र फोनवरून गरोदर बायकांना मराठीत प्रश्न विचारतं आणि काळजीचं वाटलं तर डॉक्टरांकडे पाठवतं. पाथर्डीकडच्या काही गावांत त्याची चाचणी चालू होती. ते लवकरच सगळीकडे सुरू करायचं, असं माझ्या भागीदाराचं म्हणणं होतं. त्याआधी मला ते कुणाच्या तरी घरात बसून ऐकायचं होतं.

न्यायला सलीमभाई आले होते. पारनेरच्या शाळेतल्या माझ्या मित्राचे हे थोरले भाऊ, भाड्याने जीप चालवतात. करंजी घाटात जीप पंक्चर झाली.

“कॅनडात पंक्चर हुत न्हाई का वो?”

“होतं. फोन करून माणूस बोलवावा लागतो.”

“हितं मानूस आलेलाच हाय. धरा पाना!”

घाट उतरल्यावर रानं कोरडी होत गेली. वेचून झालेली कपाशी, बाभळी, आणि समोरून येणारे ट्रक. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, गोधड्या आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेली गावं.

ज्या घरी गेलो तिथली सून, कविता, आठव्या महिन्यात होती. सासू सखूबाईंनी आधी शेंगोळी, रश्शात शिजवलेल्या हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, वाढली. खाताना त्या म्हणाल्या, “उद्या आमचा ट्रक हाय. नवरा-बायकूच्या जोडीचा कोयता; बायकू न्हाई तर त्यो मोडतो. हिला न्यावं का ठिवावं, तेवढं तुमच्या मशिनीला इचारा.”

कविताने फोन लावला. पलीकडून आमच्या यंत्राचा गोड आवाज आला. “पायांवर सूज आहे का?”

“हाय.”

“हाय! नमस्कार! मी आपली काय मदत करू?”

कविता माझ्याकडे बघू लागली. तिने पुन्हा फोन लावला. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच नमस्कार.

“आगं, कितींदा रामराम घालती ही बया!” सखूबाई हसत सुटल्या. “जावई आल्यागत!”

मला हसू येईना. यंत्राला ते इंग्रजीतलं ‘हाय’ वाटत होतं.

“ताई, ‘आहे’ म्हणा,” मी म्हणालो.

कविताने पुन्हा फोन लावला. सुजेचा प्रश्न येताच ती शाळेत उभी राहिल्यासारखी ताठ बसली. “आहे.”

“डोकं दुखतं का?”

“आहे.”

“डोळ्यांपुढे अंधारी येते का?”

“आहे.”

“ताबडतोब डॉक्टरांकडे जा.”

ती खरंच तसं सांगत होती, की मी दिलेला शब्द नुसता म्हणत होती? मला कळेना. मी तिच्यापुढे खाली बसलो. “ताई, डोस्कं लई दुखतंय का?”

तिचे डोळे भरले. “परवाधरनं. दिसंना बी नीट. पर ट्रक जायाचा हुता, म्हनून बोलले न्हाई.”

सखूबाईंचं हसू थांबलं. “आगं, मला सांगायचं की गं!”

सलीमभाईंनी घाटातून जीप कशी चढवली, आठवत नाही. नगरच्या दवाखान्यात रक्तदाब बघून डॉक्टरांनी तिला तिथेच ठेवून घेतलं. ट्रक तिच्याविना गेला. पुढे मुलगी झाली. लहानशी, पण जगली.

शाळेत गुरुजींनी मला ‘हाय’ सोडून ‘आहे’ म्हणायला शिकवलं. त्या शिकण्यावरच आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो, परदेश पाहिला. ते उपकार मी विसरणार नाही. पण यंत्राला शिकवायची वेळ आली तेव्हा मीही त्याला ‘आहे’ तेवढंच शिकवलं. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांच्यासाठीच तर ते बनवलं होतं.

टोरांटोला परतलो आणि चाचणीतले ध्वनिमुद्रित फोन ऐकत बसलो. एकामागून एक बायका. “हाय.” “नमस्कार!” मग फोन ठेवल्याचा आवाज. भागीदार म्हणाला, एक शब्द घालू, संपलं. मी यंत्र बंद केलं. त्या बायकांचं पुढे काय झालं, ते त्या एका शब्दाने कळणार नव्हतं.

आता एकेकीला मीच फोन करतो. “बाई, पायावर सूज हुती का वो तुमच्या?”

पलीकडून हळूच प्रश्न येतो, “कुन्या गावचं वो तुमी?”

मी गाव सांगतो. मग त्या बोलू लागतात.