आहुप्याची दीडशे पावलं

“मॅडम, येत्या रविवारी आमी आहुप्याला चाललोय. तुमी हो म्हना नायतर नको म्हना,” मंदाताई म्हणाल्या. त्या विचारायला आल्या नव्हत्या, कळवायला आल्या होत्या. मी त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे किसनभाऊंच्या, घोट्याला स्ट्रेचिंग देत होते. माझा हात थांबला. किसनभाऊ छताकडे बघत राहिले. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं.

मी नारायणगावला फिजिओथेरपिस्ट आहे. सव्वीस वर्षं हेच करतेय. पेशंटच्या घरच्यांनी परस्पर काही ठरवलं की माझं डोकं फिरतं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मंदाताईंनाही होतं. म्हणून त्या दारातच उभ्या होत्या.

किसनभाऊ मूळचे आहुप्याचे, पण खोडदला राहून पंचवीस वर्षं झाली. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांच्या देखभालीचं त्यांचं काम. वय पन्नास, अंगानं काटक. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं पोट बिघडलं, ते बरं झालं, आणि दहा दिवसांनी पायाला मुंग्या यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येईना. सहाव्या दिवशी पुण्यात व्हेंटिलेटरवर. या आजाराला जीबीएस म्हणतात. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या नसांवर हल्ला करते. ताकद जाते ती पायांकडून वर जाते, आणि परत येते ती वरून खाली येते. म्हणून पावलं सगळ्यात शेवटी सुधारतात.

किसनभाऊंचे हात परत आले, मांड्या आल्या, पावलं मात्र अजून लोंबत होती. याला आम्ही फूट ड्रॉप म्हणतो. पाऊल वर उचललं जात नाही, बोटं जमिनीला अडकतात. मग पेशंट काय करतो, तर गुडघा नको तेवढा वर उचलतो. ही सवय मोडायची म्हणून पायाला प्लास्टिकचा स्प्लिंट बांधायचा आणि तो बुटात घालायचा. चार महिने मी त्यांना एकच वाक्य ऐकवत होते, “किसनभाऊ, गुडघा खाली.”

आहुप्याचं कारण मंदाताईंनी त्या दिवशी सांगितलं. आयसीयूच्या बाहेर बसून त्यांनी गावच्या देवराईतल्या देवाला नवस केला होता. हा माणूस वाचू दे, तो स्वतःच्या पायानं, कुणी न धरता तुझ्या पायरीशी येईल. ही गोष्ट त्यांनी किसनभाऊंना अगदी आत्ता सांगितली होती. तोवर ते व्यायामाला कंटाळले होते, “लई झालं मॅडम” म्हणून अर्ध्यात उठायचे. आता न सांगता पहाटे व्यायाम करत होते. हे बघून मी नाही म्हणू शकले नाही. पण मला एक भीती होती, आणि ती हाड मोडायची नव्हती. हा माणूस तिथं भावकीसमोर पडला, तर पुन्हा उभं राहायचं नावच काढणार नाही, ही होती.

“मी बरोबर येणार,” मी म्हटलं. “आणि सगळं माझ्या कागदाप्रमाणे होणार.”

मला याद्या करायची खोड आहे. आहुप्यातल्या त्यांच्या एका चुलतभावाला मी गाडी थांबते तिथून देवाच्या पायरीपर्यंतचा व्हिडिओ काढायला लावला. तो मोबाइल समोर धरून चालत गेला, मी पावलं मोजली. दीडशे. वाट पानापाचोळ्याची, थोडी उताराची, तीन-चार ठिकाणी मुळं. मी क्लिनिकच्या पॅसेजमध्ये किसनभाऊंना स्प्लिंट-बूट घालून रोज दोनशे पावलं चालवलं. प्रवासाचा तक्ता केला. या आजारातून उठलेल्या नसा लवकर दमतात, आणि दमल्यावर ताणलं तर माणूस मागे जातो. म्हणून दर पाऊण तासानं थांबा, वीस मिनिटं. तक्त्याची झेरॉक्स त्यांच्या मुलीला, स्वातीला दिली. गाडी तीच चालवणार होती.

रविवारी सकाळी निघालो. पहिला थांबा घोडेगावला. मी पाय वर घ्यायला उशी काढतेय तोवर गाडी एका घरासमोर उभी राहिली. मंदाताईंच्या भावाचं घर. अंगणात माणसं जमलेली, सतरंजी टाकलेली, आत पोह्यांचा वास. मी स्वातीकडे बघितलं. ती म्हणाली, “मॅडम, तुम्हीच थांबायला सांगितलंय.”

आता माझ्या लक्षात आलं. माझ्या कागदावर नुसतं ‘थांबा’ असं लिहिलं होतं. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ सीट मागे करून डोळे मिटणं असा होता. मंदाताईंनी तो कागद घेऊन प्रत्येक थांब्याला एकेक नातेवाईक बसवला होता. थांबायचंच आहे तर पावण्यांकडे थांबू, असा साधा हिशेब. आमच्या भागात मरणाच्या दारातून परत आलेला माणूस नात्यातल्या घरावरून तसाच पुढे गेला, तर ते वर्षानुवर्षं बोलण्यात निघतं. मीही इथलीच, मंचरच्या बाजारपेठेतल्या जैन घरातली, आणि मला हे सुचू नये?

किसनभाऊ तीन पायऱ्या चढले. थोरांना नमस्कार केला. जो येईल तो पहिल्यापासून विचारायचा, आणि हे पहिल्यापासून सांगायचे. वीस मिनिटांची पन्नास झाली.

दुसऱ्या थांब्याला, डिंभ्याला, तळेघरची थोरली बहीण ठकूबाई रस्त्याकडेला बसली होती. पहाटे घर सोडून, अर्धी वाट पायी आणि अर्धी एसटीनं आली होती. फडक्यात नाचणीच्या भाकरी. तिनं भावाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडायला लागली. किसनभाऊ गाडीतून उतरून उभेच. मी बसायला सांगितलं. “बहीन उभी हाये मॅडम, मी कसा बसू?” ते म्हणाले. त्यांचे गुडघे थरथरत होते. मला दिसत होतं, बाकी कुणाला दिसत नव्हतं. बहिणीला त्यांनी गाडीतच घेतलं.

तिसऱ्या थांब्याला मी गाडी थांबू दिली नाही. दारात उभी असलेली माणसं हात हलवत राहिली आणि आम्ही पुढे गेलो. मंदाताई माझ्याशी बोलायच्या थांबल्या. पुढे धरणाचं पाणी दिसतं तिथं सावलीत गाडी लावली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि किसनभाऊंना अर्धा तास झोपवलं. मग एक साधी टेस्ट घेतली. हात न टेकता बसल्या जागेवरून उठायचं, किती वेळा होतं बघायचं. क्लिनिकमध्ये ते दहा वेळा उठायचे. इथं चार वेळा उठले, पाचव्याला नाही.

मी सांगितलं, आज परत जाऊ. पुढच्या महिन्यात येऊ. स्वातीला पटलं. किसनभाऊ म्हणाले, “मॅडम, परत फिरलो तर मी तुमच्या दवाखान्यात येनार न्हाई. धमकी न्हाई देत तुमाला. मला मनच व्हनार न्हाई.”

मला जी भीती होती तीच ते तोंडानं बोलले. गाडी पुढे गेली.

आहुप्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं, पण देवराईत गारवा होता. झाडं इतकी दाट की खाली उन्हाचे कवडसेच. भावकीतली माणसं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. देवाचं सगळं बघणारे लिंबाजीबाबा पुढे आले. सत्तरीच्या पुढचे, कमरेत ताठ. त्यांनी किसनभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, मग खाली बघितलं.

“पायातलं काडा,” ते म्हणाले.

देवराईत पायात काही घालून कुणी जात नाही. हे तिथल्या पोराटोराला ठाऊक. मी स्वतः देरासरात, आमच्या जैन मंदिरात, जाताना चपला बाहेर ठेवते, आणि मी आठवडाभर एका माणसाला देवाकडे जायला बुटात चालवत होते. व्हिडिओ दहा वेळा बघितला होता. त्यात चालणाऱ्याचे पाय दिसत नव्हते, आणि कुणी सांगितलंही नाही, कारण ही सांगायची गोष्टच नव्हती.

मी बाबांशी वाद घातला. हे पायताण नाही, हे औषधासारखं आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्प्लिंट हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाले, हे प्लास्टिक चालंल, बूट न्हाई चालनार. पण बुटाशिवाय स्प्लिंटचा तळ पाचोळ्यावर साबणासारखा घसरतो. मी तो काढूनच टाकला. किसनभाऊ अनवाणी उभे राहिले. पहिल्याच पावलाला बोटं अडकली आणि ते पुढे झुकले. मंदाताईंचे हात पुढे गेले आणि त्यांनी स्वतःच मागे घेतले.

किसनभाऊ थोडा वेळ पायाखालच्या पाचोळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “मॅडम, आवणीत चालू का?”

मला कळेना. मंदाताईंनी समजावलं. आवणी म्हणजे भाताची लावणी. गुडघाभर चिखलात पाऊल घासत नेता येत नाही. मांडीनं पाय सरळ वर उपसायचा आणि वरून खाली ठेवायचा. डोंगरातला माणूस हे लहानपणापासून करतो. म्हणजे चार महिने मी जी सवय मोडत होते, नेमकी तीच.

मी पटकन विचार केला. मांड्यांची ताकद परत आलेली. जमीन मऊ. अनवाणी पायाला खालचं थोडंतरी कळेल. धोका दमण्याचा, कारण अशा चालीला दुप्पट ताकद लागते, आणि ताकद तर घोडेगाव-डिंभ्यात वाटून झाली होती. मी हो म्हटलं, दोन अटींवर. मध्ये बसायचं, आणि कमरेला माझा पट्टा बांधायचा. आम्ही पेशंटला चालवताना मागून तो पट्टा धरतो.

पट्टा बघून मंदाताईंचा चेहरा उतरला. कुणी न धरता, असं बोलल्या होत्या त्या. सगळ्यांनी लिंबाजीबाबांकडे बघितलं. “बांदलेला चालंल,” ते म्हणाले. “धरलेला न्हाई. आन बसायचं तेवढं बसा. देवाला कुठं जायचंय?”

किसनभाऊ निघाले. गुडघा वर, पाऊल खाली. गुडघा वर, पाऊल खाली. मी मागे, हात पट्ट्यापासून वीतभर लांब. चाळीसाव्या पावलाला त्यांना बसवलं. ऐंशीला पुन्हा. मुळापाशी तोल गेला, माझी बोटं पट्ट्याला लागायच्या आत त्यांनी स्वतःला सावरलं. मंदाताई बाजूनं चालत होत्या, दोन्ही हात पुढे, कुठंच न टेकलेले. एकशेवीसनंतर मांड्यांची थरथर सगळ्यांना दिसायला लागली. मी तिसऱ्यांदा बसायला सांगितलं. त्यांनी मान हलवली. बसले असते तर उठले नसते, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

शेवटची दहा पावलं मी मोजायची विसरले. ते पायरीशी उभे राहिले, हात जोडले. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून मान वाकवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. माझंही तेच झालं होतं, लपवण्यात अर्थ नाही.

मंदाताई लिंबाजीबाबांकडे वळल्या. “आता धरू का?” त्यांनी विचारलं.

“धर की,” बाबा म्हणाले.

त्यांनी नवऱ्याला कवेत घेतलं आणि दोघंही तिथंच पायरीवर बसली. बराच वेळ कुणी त्यांना उठवलं नाही.

परत येताना त्यांना चौघांनी उचलून गाडीत घातलं. पुढचे तीन दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत, आणि आमचा व्यायाम दोन आठवडे मागे गेला. मी स्वातीला आणि तिच्या आईला मनसोक्त रागावले. पंधराव्या दिवशी किसनभाऊ स्वतः क्लिनिकला आले, वेळेच्या आधी अर्धा तास. आता कामावर जातात. अँटेनावर चढायची परवानगी नाही, खालचं काम बघतात.

पेशंटला कुठं न्यायचं असलं की हल्ली मी रस्ता, अंतर, गाडी हे नंतर विचारते. आधी दोनच प्रश्न. पोचल्यावर पायात काय असणार? आणि वाटेत नातेवाईक किती?