शेषराव मिस्त्री आणि पाचवी पिन

शेषराव मिस्त्रींकडे मोटर नेली की ते आधी मालकालाच पिटाळत. ‘जा, चालवत न्या तिकडं.’ मालक बुचकळ्यात पडे. दुरुस्तीला आणलेली गाडी परत कुठे न्यायची? पण मिस्त्री तोवर रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसलेले असत आणि गाडीची पाठ बघत असत. शंभर पावलं जाऊन गाडी वळून आली की ते रोग सांगत. मालकानं आपली तक्रार सांगायला तोंड उघडलं तर हात वर करत. ‘तुमी नोका सांगू. मालक एक तं गाडीची तारीफ करते, नाही तं शेजाऱ्याची चूक सांगते. गाडीले पाठीमांगून पाहावं. मानसाले बी.’

अमरावतीला बडनेरा रस्त्यावर एका कडुलिंबाखाली त्यांचं टिनाचं छप्पर होतं. एका जिनिंग फॅक्टरीच्या वर्कशॉपमध्ये ते काम शिकले होते. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि एक मोठा मूर्खपणा हातून झाला होता. विलायतेला परत निघालेल्या एका फॅक्टरी मॅनेजरकडून मी त्याची दोन माणसांची, कापडी टपाची, तारांच्या चाकांची मोटर घेतली होती. ती इतकी बसकी होती की दारातून हात खाली सोडला तर रस्त्यावरचा खडा उचलता यावा. अख्खं गाव तिला ‘चप्पल’ म्हणे. आणि मला अर्थातच ‘चपलीवाले प्रोफेसर’.

चप्पल डावीकडे ओढत होती आणि तिचं स्टेअरिंग हातात थरथरत होतं, म्हणून कुणीतरी मिस्त्रींचं नाव सांगितलं. मी ऐटीत बॉनेट उघडलं. इंजिन खरंच देखणं होतं. मिस्त्रींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते पुढच्या टायरजवळ बसले, डोळे मिटले आणि टायरवरून तळहात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवला. एकीकडून हात सरळ गेला, दुसरीकडून अडला. ‘चाक फरफटून राहिलं,’ ते म्हणाले, ‘चालून नाही राहिलं.’ मग वर माझ्या उघड्या बॉनेटकडे बोट दाखवलं. ‘थे झाका. इंजन बिगडलं तं गाडी घरी राह्यते. स्टेरिंग बिगडलं तं मानूस घरी येत नाही.’

त्यांची मोजमापाची तऱ्हाही अजब होती. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ते सुतळी ताणत आणि पुढची चाकं किंचित आत वळवत. किती आत? तर ज्वारीच्या एका दाण्याएवढी. खिशातून खरोखरच दाणा काढून सुतळीशी धरत. मला ते पटेना. मी कॉलेजातून व्हर्नियर कॅलिपर आणून मोजलं, तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं तेवढंच भरलं. मी तसं कबूल केल्यावर मिस्त्री गालात हसले. ‘तुमचं यंत्र हरवलं तं प्रिन्सिपॉल रागावतीन. माहा दाना हरवला तं कोंबडी खाईन.’

टायरांवरून मात्र आमचं बिनसलं. माझे टायर जवळजवळ कोरे होते, कारण साहेबानं गाडी फार चालवलीच नव्हती. त्याचा मला केवढा अभिमान! मिस्त्रींनी टायरच्या कडेला नख दाबलं आणि बारीक भेगांचं जाळं उघडं पडलं. ‘नक्शी काय पाहून राहिले? रबर पाहा. म्हातारा दाढी काळी करते, त्यानं गुडघे नाही होत नवे.’ त्या मापाचे टायर देशात मिळत नव्हते. मिस्त्रींनी चप्पल लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि चारही चाकं काढून छपराच्या आड्याला टांगली. माझीच गाडी असून मला ती चालवायची बंदी! मी दोन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. पाच महिन्यांनी शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागाईतदाराकडे तशाच मोडक्या गाडीचे बरे टायर असल्याचा पत्ता त्यांनीच काढला आणि एसटीच्या टपावर घालून ते स्वतः घेऊन आले.

दसऱ्याला इतर कारखान्यांत हत्यारांची पूजा होई. मिस्त्रींच्या घरानं छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतली होती, त्यामुळे हार, नारळ, हळदकुंकू सगळं बंद झालं होतं. तरी त्या दिवशी ते सगळे पाने, हातोडे, जॅक बाहेर काढून रॉकेलनं धूत बसत. मी एकदा खवचटपणे विचारलं, तर म्हणाले, ‘पूजा नाही करत. पुसनं तं लागतेच नं?’

आता त्या पिनांकडे येतो, ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

स्टेअरिंगच्या दांड्यांना जिथे जिथे नट असतो, तिथे नटातून आरपार एक लहानशी पिन घालून तिची टोकं वाकवतात, म्हणजे धक्क्यांनी नट उलगडत नाही. चपलीला अशा पाच पिना लागत. मिस्त्री त्या पाचही नव्या पिना ओठांत धरत आणि एकेक काढून बसवत. तोंड रिकामं झालं म्हणजे काम संपलं. मग ते पहिला शब्द बोलत, ‘झालं.’ तोंडात पिना असेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा त्या छपराचा नियम होता आणि गिऱ्हाइकंही तो पाळत.

त्या दिवशी तो मी मोडला. दुसऱ्या दिवशी अकोल्याला मेहुणीचा साखरपुडा होता, मी आणि कुमुद, माझी बायको, चपलीतून जाणार होतो, आणि मी भलताच खुशीत होतो. मिस्त्री गाडीखाली होते. मी वाकून विचारलं, ‘मिस्त्री, चाकं दाणाभर आत का? अगदी सरळ का नाही ठेवत?’ त्यांच्या ओठांत अजून एक पिन होती. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्यांनी ओठांतून उरलेली पिन काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली, बाहेर सरकले आणि मोठ्या हौसेनं सांगू लागले. ‘बैलजोडी पाह्यली का? जू मानेवर आलं का दोनी बैलं बाहेर वढते. चाकायचं बी तसंच हाय. गाडी पळाले लागली का चाकं फाकते. आधीच दानाभर आत असली तं पळताना सरळ होते.’ दहा मिनिटं तरी बोलले असतील. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं आणि मला फार बरं वाटलं. मग त्यांनी हात पुसले, तोंड रिकामंच होतं, आणि म्हणाले, ‘झालं.’

सकाळी सातला आम्ही निघालो. मूर्तिजापूरपर्यंत कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती, आणि पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर मी चपलीला चांगली पळवली. अकराच्या सुमाराला सासऱ्यांच्या दारात पोचलो.

तिकडे अमरावतीला मिस्त्रींची बायको अनसूयाबाई सदरा धुवायला बसल्या होत्या. खिशातलं काहीतरी बोटाला टोचलं. त्यांनी हाक मारली, ‘हे काय होय हो?’ मिस्त्रींनी ती पिन बघितली आणि पायात वहाणही न घालता माझ्या घराकडे पळाले. दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी अकोल्याचा, माझ्या सासऱ्यांचा पत्ता सांगितला. मिस्त्री तसेच एसटी स्टँडवर गेले. नंतर त्यांनी मला सांगितलं, ‘खिडकीपाशी बसलो अन् प्रत्येक पुलाखाली पाहात आलो. तुमची हिरवी गाडी कुठं पडली हाय का म्हणून.’

दुपारी मांडवात पंगत बसली होती. मिस्त्री दारात उभे राहिले, मला जिवंत बघितलं. मग थेट चपलीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. ‘नट आलं होतं टोकाले. दोन आटे उरले होते.’ हळू चालवली असती तरी परतीच्या वाटेवर तो नट नक्की पडला असता, एवढं माझ्याही ध्यानात आलं. त्यांनी नट आवळला, खिशातली पिन घातली, टोकं वाकवली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पिन लावाची राह्यली. चूक माही हाय.’

माझे सासरे वकील होते आणि अकोल्यातल्या अर्ध्या मोटारवाल्यांचे सल्लागार. ते पानावरून उठले. ‘जावई, असल्या लोकांच्या हाती जीव देता?’ असल्या लोकांच्या म्हणजे कसल्या, ते मांडवातल्या प्रत्येकाला कळलं. मिस्त्रींनाही कळलं. ते शांतपणे म्हणाले, ‘लोकायचं काही नाही वकीलसाहेब. मी चुकलो. मी येकटा.’ कुमुदनं पाणी आणून दिलं, ते पिऊन ते स्टँडकडे निघून गेले. त्यांच्या तोंडातली पिन मी काढायला लावली होती, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी पानावरचा भात कालवत बसलो. आजही त्या घासाची लाज वाटते.

त्यानंतर मिस्त्रींनी स्टेअरिंगचं काम सोडलं. पंक्चर काढत, कमानपाट्यांना ग्रीस लावत, स्टेअरिंग म्हटलं की दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देत. अकोल्याच्या, मूर्तिजापूरच्या गाड्या तर येईनाशाच झाल्या, सासऱ्यांच्या जिभेला हाड नव्हतं. मी आठवड्यातून एकदा तरी त्या लिंबाखाली जाऊन बसे, चहा पिई, इकडचं तिकडचं बोले आणि उठे. असे सात महिने गेले.

एका रविवारी सकाळी मी एकदाचं बोललो. ‘मिस्त्री, त्या दिवशी मी बोललो म्हणून तुम्ही पिन खिशात टाकली.’

ते ट्यूबला पॅच लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘माहीत हाय. मी का बहिरा होतो?’

‘मग अकोल्याला सांगितलं का नाही?’

‘मी काहून सांगू? थे तुमी सांगाचं होतं.’

‘मला बोलायला हवं होतं.’

‘हो. बोलाले पायजे होतं.’ त्यांनी ट्यूब खाली ठेवली. ‘सात महिने झाले, रोज वाट पाहून राहिलो. येते, च्या पेते, अन् जाते.’

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या प्रोफेसर. ते तसं काही म्हणाले नाहीत. छपरातून एक वही आणि पेन आणून माझ्यासमोर ठेवलं. ‘वकीलसाहेबाले चिठ्ठी लिहा. इथंच लिहा.’

मी लिहिलं. सगळी हकीकत लिहिली आणि शेवटी लिहिलं की यात मिस्त्रींचा काही दोष नाही, चूक सगळी माझी आहे. लिहिताना डोळे भरून आले होते आणि, खरं सांगायचं तर, स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. शेवटच्या वाक्याला हात वर केला.

‘सगळी खोडा. खोटं नोका लिहू. तुमी बोलले, पन पिन माह्या हातात होती. निम्मी लिहा.’

मी ‘सगळी’ खोडून ‘निम्मी’ लिहिलं आणि खाली सही केली. मिस्त्रींनी कागद घेतला. दीक्षेनंतर पस्तिशी ओलांडल्यावर ते अक्षरं शिकले होते. मांडीवर वही ठेवून, एकेक अक्षर दाबून, माझ्या सहीशेजारी त्यांनी आपलं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

‘पेटीत टाका,’ ते म्हणाले. ‘अन् येताना गाडी घेऊन या.’